अनुदानाच्या आधारावर कलेची वाटचाल कशी टिकवावी

अनुदानाची जाहिरात निघाल्यावर कागद शोधू लागणाऱ्या कलावंताचा अर्ज बहुतेक वेळा अपुराच जातो. सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागांतील कलावंतांना अर्ज भरण्यास मदत करताना हे मी वारंवार पाहिले आहे. तीस वर्षे जत्रांमध्ये ढोलकी वाजवलेल्या माणसाकडे त्या तीस वर्षांचा एकही कागद नसतो, कारण सुपारी तोंडी ठरते, बिदागी रोख हातावर पडते आणि रात्रभर रंगलेल्या कार्यक्रमाची दुसऱ्या दिवशी कुठेही नोंद उरत नाही. म्हणून पहिले काम अर्जाचे नाही, फाइलचे आहे आणि ते आजच सुरू करता येते.

आपले नाव छापलेली प्रत्येक कार्यक्रमपत्रिका आणि जत्रेचे हस्तपत्रक जपून ठेवावे. वर्तमानपत्राचे कात्रण कापताना वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसेल अशा बेताने कापावे, कारण तारखेविना कात्रणाला छाननीत फारशी किंमत राहत नाही. आकाशवाणीचे करारपत्र, गुरूंचे प्रमाणपत्र, संगीत परीक्षांच्या गुणपत्रिका यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. जुन्या कार्यक्रमांचा पुरावा नसेल, तर त्या त्या गावच्या यात्रा समितीकडून किंवा ग्रामपंचायतीकडून वर्षाच्या उल्लेखासह पत्र घ्यावे. कार्यक्रम आठवणारी माणसे हयात आहेत तोवरच हे पत्र मिळते, याची मला मनापासून काळजी वाटते.

नावाची अडचण सर्वांत जास्त अर्ज अडवते. कवलापूरचे तमाशा कलावंत काळू-बाळू महाराष्ट्रभर याच नावाने ओळखले गेले, पण त्यांची खरी नावे लहू आणि अंकुश खाडे अशी होती. आजही अनेकांचे पत्रिकेवरचे नाव एक, आधार कार्डावरचे दुसरे आणि बँकेच्या पासबुकातले तिसरे असते. अशा वेळी ही सगळी नावे ‘ऊर्फ’ लावून एकत्र नोंदवणारे प्रतिज्ञापत्र आधीच करून फाइलमध्ये ठेवावे.

त्यानंतर आपल्या वयाला आणि कामाला लागू पडणारी योजना निवडावी. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती 18 ते 25 वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असून तिच्यात दोन वर्षे दरमहा 5,000 रुपये मिळतात. त्यासाठी गुरूंकडे किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. याच मंत्रालयाच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीत (फेलोशिप) 25 ते 40 या वयोगटाला दरमहा 10,000 रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्तीत चाळिशीपुढच्यांना दरमहा 20,000 रुपये दोन वर्षे दिले जातात. तमाशा फड, शाहिरी पथके यांच्यासाठी राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय अनुदान योजना राबवते, तर पहिले पुस्तक काढू पाहणाऱ्या लेखकाला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. वयाची आणि उत्पन्नाची अट प्रत्येक वेळी त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचावी, शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. संस्थेच्या नावाने अर्ज करायचा असेल, तर नोंदणी आणि लेखापरीक्षण अहवाल लागतात. ज्यांचे पथक नोंदलेले नाही त्यांनी ते काम अनुदानाच्या घाईत न करता पावसाळ्यात, फड बंद असताना, उरकावे.

अधिछात्रवृत्तीच्या अर्जात प्रस्ताव लिहावा लागतो आणि चांगले कलावंत तिथेच कमी पडतात. ‘लोककलेचे जतन व संवर्धन करणे’ या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी, ‘जत आणि आटपाडी तालुक्यांतील धनगरी ओव्या गाणाऱ्या ज्येष्ठ गायकांकडे जाऊन त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणे, त्या लिहून काढणे आणि त्यांतील निवडक ओव्यांचा दोन तासांचा प्रयोग उभा करणे,’ असे लिहिले तर काम डोळ्यांसमोर उभे राहते. पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या गावांना जाणार, पुढच्या सहा महिन्यांत काय लिहून होणार, हेही सांगावे. भाषा अलंकारिक नसली तरी चालते. तुमच्या गुरूंना तुम्ही हे काम जसे समजावून सांगाल, तसेच ते लिहावे.

निवड झाल्यावर खरी परीक्षा पैशाच्या वेळापत्रकाची असते. अधिछात्रवृत्तीची रक्कम महिन्याच्या महिन्याला येत नाही, ती सहामाही हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता प्रगती अहवालावर अवलंबून असतो. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचा एक हप्ता 60,000 रुपयांचा होतो. अहवालाच्या तपासणीला वेळ लागू शकतो हे धरून ही रक्कम सहाऐवजी आठ महिन्यांवर वाटावी, म्हणजे दरमहा 7,500 रुपये हाताशी राहतात आणि हप्ता लांबला तरी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेण्याची पाळी येत नाही. फडमालकाची उचल फेडण्यात पुढचा सगळा हंगाम गेलेले कलावंत मी पाहिले आहेत, म्हणून हा हिशेब मी प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवतो. अनुदानासाठी शक्यतो स्वतंत्र बँक खाते ठेवावे आणि प्रवासाच्या तिकिटापासून ध्वनिमुद्रणाच्या बिलापर्यंत प्रत्येक पावती तारखेप्रमाणे लावावी. संस्थेला हीच पावत्यांची चळत उपयोगिता प्रमाणपत्राच्या, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याच्या, वेळी उपयोगी पडते.

आश्रय संपल्यावर काय करायचे, हा प्रश्न आपल्या सांगलीत फार जुना आहे. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. 1851 मध्ये चिंतामणराव वारले आणि तो आधार तुटला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. त्यांच्याजवळ बसवलेली नाटके आणि तयार नट होते, म्हणूनच हे जमले. अनुदानाच्या दोन वर्षांतून असेच काहीतरी विकता किंवा शिकवता येण्याजोगे हाती उरले पाहिजे: बसवलेला प्रयोग, ध्वनिमुद्रणांचा संग्रह, तयार झालेले चार शिष्य. शेवटच्या सहामाहीत निम्मा वेळ या पुढच्या सोयीसाठी राखून ठेवावा.

पुरस्काराचा उपयोग निराळा आहे. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीच्या आतील कलावंतांना मिळतो आणि त्याची रक्कम 25,000 रुपये आहे. तेवढ्यावर घर चालत नाही, परंतु त्या नावाने बिदागी वाढवून मागता येते आणि पुढच्या अर्जाला वजन येते. पुरस्कार जाहीर झाल्यापासून थोड्याच दिवसांत आपला परिचय नव्याने लिहून काढावा, निमंत्रण देणाऱ्या संस्थांना तो पाठवावा आणि नवा दर स्पष्ट सांगावा. दर सांगताना आपली माणसे फार संकोचतात. ज्या आयोजकाने मंडपाचे आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे न कुरकुरता दिले, त्याच्याकडे गायकाने आपला दर मागणे यात काहीही गैर नाही.

घरातल्या वडीलधाऱ्या कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजना आहे. 2024 पासून तिचे मानधन सरसकट दरमहा 5,000 रुपये करण्यात आले. मानधन सुरू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी आणि आदल्या आठवड्यात आजोबांना स्वतः कचेरीत घेऊन जावे.