द कोकोनट्स (1929) बघायचाय? मग असा बघा

मार्क्स ब्रदर्सचा (ग्राउचो, हार्पो, चिको वगैरे अमेरिकन विनोदी नट भाऊ) पहिला बोलपट, फ्लोरिडातल्या हॉटेलात मिसेस पॉटरचा नेकलेस चोरीला जातो वगैरे, पण चोर कोण ते शोधत बसू नका, पिक्चरच आधी सांगून टाकतो. सबटायटल लावाच, साउंड जुना आणि ग्राउचो सुटला की थांबतच नाही. हिरो-हिरॉइनची गाणी बिनधास्त पुढे ढकला (मी तर ढकलतेच), हार्पो हार्प वाजवायला बसला की मात्र नाही हां! शेजारशेजारच्या दोन खोल्यांचा सीन रिवाइंड करून बघा, एक बाहेर की दुसरा आत, नुसता गोंधळ. आणि ग्राउचो चिकोला नकाशा दाखवतो तिथे कागद बघा, ओलाय, कोरडा कागद माइकमध्ये भयंकर कडकडायचा म्हणून भिजवलेला.