पोळ्यानंतरची पऱ्हाटी: कोणत्या किडीला कोणतं औषध?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा निघाला की मारबत ईडा-पीडा घेऊन गेली असं आपण नागपूरकर म्हणतो. पऱ्हाटीतली, म्हणजे कपाशीतली कीड मात्र याच दिवसांत जोर धरते. तरी कृषी केंद्रात जाऊन "जहाल काहीतरी द्या" म्हणण्याआधी वावरात एक चक्कर मारा. वीसेक झाडांची पानं उलटी करून पाहा. पानामागे सरासरी 2-3 तुडतुडे किंवा 10 फुलकिडे (दोन्ही रस शोषणाऱ्या किडी) असतील, तरच पंप उचला.

इमिडाक्लोप्रिड स्वस्त, म्हणून हात आधी तिकडे जातो. पण बीटी (जनुक बदललेल्या) कपाशीच्या पाकिटातल्या सरकीला बहुधा तेच चोळलेलं असतं. थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड हेही त्याच कुळातले. पुन्हा पुन्हा तेच फवारलं की तुडतुड्यांना ते पचू लागतं. त्यापेक्षा 10 लिटर पाण्यात फ्लोनिकॅमिड 50 टक्के 3 ग्रॅम घ्या. याने कीड लगेच पडत नाही. तिचं रस शोषणं बंद होतं अन् ती दोन-चार दिवसांत उपाशी मरते. दुसऱ्या दिवशी तुडतुडे फिरताना दिसले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. सोबत पांढरी माशी असेल तर डायफेन्थियुरॉन 50 टक्के 12 ग्रॅम बरं.

गुलाबी बोंडअळीत औषधापेक्षा वेळ महत्त्वाची. अळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही ओता, तिला लागत नाही. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज 8 पतंग आले किंवा शंभरात 10 फुलं-बोंडं किडकी निघाली (डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, त्यात धरा), की फवारा. प्रोफेनोफॉस 50 टक्के 30 मिली अंड्यांवरही चालतं, म्हणून पतंग नुकते दिसू लागले असतील तर ते. कोवळ्या अळ्या दिसत असतील तर इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के 4 ग्रॅम. सायपरमेथ्रिनसारखी औषधं नोव्हेंबरआधी नकोच. मित्रकिडी मरतात अन् पांढरी माशी उसळते.

ही मात्रा पाठीवरच्या साध्या पंपाची, 10 लिटर पाण्यासाठी.

एका पंपात तीन औषधं अन् वर टॉनिक, हा आपला जुना हट्ट. 2017 मध्ये आपल्या विदर्भातल्याच यवतमाळात फवारणी करता करता विषबाधेने माणसं गेली, ते आठवा. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत भर उन्हात शिरू नका, वारा पाठीमागून घ्या, मास्क-हातमोजे घाला. लाल त्रिकोणाचा डबा सगळ्यात विषारी, तो दुकानातच ठेवा. पक्कं बिल मात्र मागून घ्या.