'वाइंड डाउन' वापरताना या चुका टाळा

'आय विंड डाउन विथ म्युझिक' असं इंटरव्ह्यूत म्हटलं की समोरच्याला आधी वाराच आठवतो. स्पेलिंग वाऱ्याचंच आहे, पण हे क्रियापद म्हणायचं 'वाइंड', म्हणजे गुंडाळणं, किल्ली देणं. जुन्या घड्याळाला किल्ली दिली की 'वाइंड अप'. ती उतरत जाऊन काटे मंदावले की 'वाइंड डाउन'. त्यावरूनच याचे दोन अर्थ: माणसाने कामानंतर विसावणं आणि एखादी गोष्ट हळूहळू संपत जाणं. भूतकाळ 'वाउंड'. 'विंडेड' म्हणजे धाप लागलेला आणि 'वूंड' म्हणजे जखम. त्यात 'वाउंड' आणि 'वूंड'चं स्पेलिंगही एकच. इंग्रजीपुढे इथे हात टेकायचे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेगाचा. संपलं की 'वाइंड डाउन', असं धरून चालतात. आपल्याकडची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना, बघा. उन्हाळा जवळ आला की कापसाची आवक घटते, गेटबाहेरच्या गाड्यांची रांग आखडते, रात्रपाळी बंद होते, बाहेरगावचे मजूर हिशोब करून निघतात. 'द जिनिंग सीझन इज वाइंडिंग डाउन' हे वाक्य तेव्हाचं. लाइट गेली आणि मशीन थांबलं तर 'स्टॉप्ड'. मालकाने कायमचं कुलूप लावलं तर 'क्लोज्ड डाउन'. मधे उतार नसेल तर हा शब्द लावू नका.

मीटिंग आटपायची असेल तर 'लेट्स वाइंड अप'. कंपनी कायदा, 2013 मध्येही कंपनी विसर्जित करण्याच्या प्रक्रियेला 'वाइंडिंग अप' म्हणतात. 'वाइंडिंग डाउन ऑपरेशन्स' अशी बातमी आली तर धंदा टप्प्याटप्प्याने आवरता घेतायत, एवढंच समजा. आणि ब्रिटिश माणूस 'आर यू वाइंडिंग मी अप?' म्हणाला तर मीटिंगचा काही संबंध नाही. 'माझी खेचतोयस का?' असं तो विचारतोय.

भांडायला उठलेल्याला 'वाइंड डाउन!' म्हणू नये, तिथे 'काम डाउन' (calm down), म्हणजे शांत हो. (तेही ऐकून माणूस शांत झाल्याचं फारसं दिसत नाही.)

विसाव्याच्या अर्थी याला कर्म लागत नाही. 'आय वाइंड डाउन माय माइंड' चूक, 'आय वाइंड डाउन' पुरे. धंद्याबद्दल मात्र कर्म येतं आणि सर्वनाम मधेच बसतं: 'दे आर वाइंडिंग इट डाउन'. 'वाइंडिंग डाउन इट' नाही.

दोन्ही अर्थ एकत्र हवे असतील तर थंडीतली भरीत पार्टी घ्या. आठवडाभर राबलेली मंडळी शेतात जमतात, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजतात, कळण्याची भाकरी मोडत गप्पा हाणतात: 'वी वाइंड डाउन विथ अ भरीत पार्टी'. मग भाकऱ्या संपतात, लांबच्या गावचे मोटरसायकलीला किक मारतात, उरलेले जाळाजवळ सरकतात: 'द पार्टी इज वाइंडिंग डाउन'.