लाल बावट्याच्या माणसाने डाळ मिल कशी चालवावी

भांडवलशाहीविरुद्ध बोलता आणि मिलही चालवता, हे कसं? लातूरला मोर्चातली पोरं मला हे विचारतात. उत्तर देताना मी मार्क्सचा सोबती एंगल्स याच्या आडोशाला जात नाही. मँचेस्टरच्या सुताच्या धंद्यात तो १८६९ पर्यंत होता, त्यातून मार्क्सला पैसे जात होते, हे खरंच. पण त्या गिरणीतल्या मजुराच्या पदरात काय पडलं? आपल्याला उत्तर तिथंच द्यायचंय.

म्हणून आधी कागद करा. तुम्ही कितीही चांगले असा, उद्या मिल पोराच्या नावावर गेली की तुमचा शब्द त्याच्यावर बंधनकारक नाही. शेतकरी उत्पादक कंपनी मला पटत नाही. तिच्यात सभासद उत्पादकच, पोती उचलणारा भूमिहीन गडी बाहेरच राहतो. सहकारी संस्था नोंदवा. १९६० च्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या घरांतली किमान दहा माणसं लागतात, आणि शेअर कितीही असोत, मत एकच. १९६८ साली मंगळुरूच्या मालकांनी केरळातल्या कन्नूरचे विडी कारखाने बंद केले, तेव्हा तिथल्या कामगारांनी सहकारातूनच दिनेश विडी उभी केली.

हिशेब चुणीपासून सुरू करा. तूर भरडली की डाळीबरोबर चुणी निघते, ती जनावरांच्या खाद्याला जाते. हा माल रोखीत विकून वहीबाहेर ठेवायची खोड जुनी आहे. टेम्पो भरणाऱ्या हमालाला मात्र किती पोती गेली ते पक्कं ठाऊक असतं. तीच वहीत दिसली नाहीत, तर बाकीच्या आकड्यांवर तो भरवसा का ठेवील? आमची वही काट्याशेजारीच असते. पगार वाटण्याआधी ती मोठ्यानं वाचतात, कारण सगळ्यांना वाचता येत नाही.

उचल द्या, पण तिच्यापायी माणूस अडकवू नका. बीडकडचा ऊसतोड कामगार उचलीमुळेच मुकादमाच्या हातात सापडतो. दवाखान्याला, लग्नाला दिलेले पैसे साधं कर्ज म्हणून लिहा. माणूस दुसरीकडे कामाला गेला तरी त्यानं हप्ते भरावेत, बस्स.

वाळवण उन्हावर असेल तर पावसाळ्यात मिल थंडावते. त्या महिन्यांची मजुरी हंगामातच, नफा वाटायच्या आधी बाजूला काढा.

हंगामी माणूस दुसऱ्या हंगामात सभासद झाला पाहिजे. शेअरचे पैसे त्याला हप्त्यानं भरू द्या. आणि मजूर म्हटलं की आपल्याला फक्त हमाल आठवतात. निवडणीला बसणाऱ्या बायांची नावं पहिल्या दहातच घाला.