समोरच्याचं वाक्य संपल्यावर तीन सेकंद थांबायला शिका

संवादकौशल्य शिकवणारे एक आकडा हमखास फेकतात: शब्दांचं महत्त्व ७ टक्के, आवाजाचं ३८, देहबोलीचं ५५. हा आकडा आधी डोक्यातून काढा. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये जे प्रयोग मांडले, त्यात सुटे शब्द होते आणि प्रश्न एवढाच होता, की बोलणाऱ्याला समोरच्याविषयी काय वाटतं. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, तेव्हा लोक सुरावर विश्वास ठेवतात. यापुढे तो निष्कर्ष ताणायचा नाही. औषध कधी आणि किती घ्यायचं, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. शब्द नीटच निवडावे लागतात.

म्हणून पहिलं काम: काय सांगायचंय ते एका वाक्यात स्वतःला सांगा. जमलं नाही, तर अजून बोलायला जाऊ नका.

दुसरं: फोन नजरेआड ठेवा. टेबलावर पालथा घातलेला फोनही लक्ष खातो. खांदे समोरच्याकडे वळवून बसा. ‘डोळ्यांत डोळे घालून बोला’ हा सल्ला मात्र अर्धवट आहे. काही आठवताना, विचार करताना माणसाची नजर आपसूक बाजूला जाते. तिला जाऊ द्या. एकटक बघत राहिलात तर समोरचा अवघडतो.

आता खरी अवघड पायरी: ऐकणं. मला इथेच सगळ्यात जास्त वेळ लागला.

एकदा एक सहकारी येऊन म्हणाला, “हे काम मला जड जातंय.” मी लगेच मुदत वाढवली, मदतीला माणूस दिला, पुढचा आराखडा सांगितला. तो मान हलवून गेला. दोन आठवड्यांनी कळलं, की त्याच्या घरात आजारपण होतं आणि त्याला फक्त रोज तासभर लवकर निघायचं होतं. पुढच्या वाक्यात तो तेच सांगणार होता. मी ते वाक्य येऊच दिलं नाही. त्याची मान हलली ती मला होकार वाटली, पण तो माघार घेत होता.

हे का होतं, ते समजून घ्या, म्हणजे सुधारता येईल. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद निघालं. पण चित्र पाहून एक साधा शब्द उच्चारायलाही साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतो. गप्पांमध्ये त्यानं काही बिघडत नाही. पण कोणी मन मोकळं करत असेल, तर त्याच्या वाक्याचा शेवट आपल्यापर्यंत पोचतच नाही.

उपाय म्हणजे थांबणं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये पाहिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत. तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणाऱ्यांची संख्या घटली. मोठ्या माणसांशी बोलतानाही मी हेच करते. वाक्य संपलं की मनात तीन आकडे मोजायचे, चेहरा सैल ठेवायचा, ओठ मिटलेले. पहिले काही दिवस ही शांतता अंगावर येते आणि काहीतरी बोलून ती भरून काढावीशी वाटते. तेव्हाच गप्प राहा. महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते.

मग जे समजलं ते स्वतःच्या शब्दांत विचारा: “म्हणजे काम जास्त आहे असं नाही, वेळेची अडचण आहे, असंच ना?” त्याचेच शब्द पोपटासारखे परत म्हणू नका. त्यानं माणूस चिडतो, आणि ते रास्तच आहे. तुमचं चुकलं असेल तर तो लगेच दुरुस्त करतो. ती दुरुस्ती तुमच्या कामाची आहे.

हाताची घडी म्हणजे माणूस बंद झाला, असले ठोकताळे विसरा. त्याला थंडीही वाजत असेल. एकेका हालचालीचा अर्थ लावण्यापेक्षा नेहमीपेक्षा काय बदललं ते बघा, आणि शंका आली तर सरळ विचारा.

स्वतः बोलताना मुख्य गोष्ट आधी सांगा आणि वाक्याच्या शेवटी आवाज गिळू नका.

फोनवर मात्र तीन सेकंद फार लांब वाटतात. समोरच्याला वाटतं लाइन कटली. तिथे एक हलकं ‘हं’ म्हणा, आणि पुन्हा गप्प राहा.