हेडलाइनमध्ये मामांचा माग

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझ्या लिंक्डइन प्रोफाइलवर नावाखाली एवढंच होतं: ‘स्टुडंट’ आणि पुढे कॉलेजचं नाव. ती ओळ मी लिहिलेलीही नव्हती. शिक्षणाची माहिती भरली की ती आपोआप येते. आमच्या वर्गात बहुतेकांची तीच ओळ होती. मग नोकरीसाठी माणूस शोधणाऱ्याने आमच्यातून कुणाला उघडून बघायचं?

त्या ओळीला हेडलाइन म्हणतात. तिथे २२० अक्षरं मावतात, आणि सर्चमध्ये नावासोबत तीच दिसते. म्हणून प्रोफाइल सुधारायला सुरुवात तिथून करा.

माझ्याकडे लिहायला काहीच नाही असं मला वाटायचं, आणि हीच माझी मोठी चूक होती. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचे चादरीचे माग आहेत. दिवसभरात कोणता माग किती वेळ बंद होता, हे तिथे कुणालाच नेमकं सांगता येत नसे. मी एका मागाच्या क्रँकशाफ्टजवळ, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याजवळ, सेन्सर लावून आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर फेरे मोजायला घेतले. एका फेऱ्याला एक बाणा (आडवा धागा) पडतो, म्हणजे फेरे थांबले की माग थांबला. पण तो सेन्सर प्रकाशावर चालणारा होता. दोन दिवसांत त्यावर सुताची बारीक धूळ बसली आणि आकडे चुकायला लागले.

हे घरचं काम, प्रोफाइलवर कशाला, म्हणून मी तिथे फक्त ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं लावली होती. आणि अनोळखी लोकांना पाठवत होतो, ‘सर, जॉब असेल तर कळवा.’ एकाचंही उत्तर आलं नाही.

मग लिंक्डइनवर आमच्या कॉलेजच्या पानावरचा माजी विद्यार्थ्यांचा भाग सापडला. कोण कुठे राहतं, कोणत्या कंपनीत आहे, काय काम करतं, सगळं तिथे निवडून बघता येतं. पुण्यात सेन्सरवर काम करणारे एक सीनियर दिसले. कनेक्शनच्या रिक्वेस्टसोबत लिहिलं: ‘सर, मी सोलापूरचा, आपल्याच कॉलेजात थर्ड इयरला. पॉवरलूमचे फेरे मोजतोय, पण सेन्सरवर धूळ बसते. अशा ठिकाणी कोणता टिकेल?’ त्याच रात्री उत्तर आलं: शाफ्टला चुंबक लाव आणि चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर वापर, धुळीने त्याला फरक पडत नाही.

फुकटच्या खात्यात रिक्वेस्टसोबत अशी चिठ्ठी महिन्याला मोजक्याच वेळा पाठवता येते. ती ‘हाय सर’वर घालवू नका.

नवा सेन्सर चालला तसं त्यांनीच सांगितलं, आता हे प्रोफाइलवर टाक. ‘फीचर्ड’मध्ये चालत्या मागाचा छोटा व्हिडिओ आणि फेऱ्यांचा तक्ता लावला. हेडलाइन केली: ‘इलेक्ट्रॉनिक्स विद्यार्थी, पॉवरलूम बंद पडण्याची वेळ मोजणारं यंत्र बनवलं’, अर्थात इंग्रजीत. ‘अबाउट’मध्ये पहिला सेन्सर का फसला तेही लिहिलं. ‘हार्डवर्किंग’, ‘पॅशनेट’ काढून टाकलं. ते शब्द सगळ्यांच्याच प्रोफाइलवर असतात.

आपली पोरं राहतात सोलापुरात आणि ठिकाण पुणे लिहितात. मला ते पटत नाही. नोकरी शोधतोय हे कळवणाऱ्या ‘ओपन टू वर्क’मध्ये कामासाठी हवी ती शहरं वेगळी निवडता येतात, तिथे पुणे टाका. आणि नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगणाऱ्याशी पुढे एक शब्दही बोलू नका.

शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीचा मुलाखतीसाठी मेसेज आला. भल्या पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने निघालो. समोरच्या मॅडमनी लॅपटॉपवर माझा तो व्हिडिओच उघडून ठेवला होता. पहिला प्रश्न आला, “धुळीचं काय केलंत?”