'यू ॲली' म्हणजे गल्ली नव्हे: जुन्या रहस्यकथेतले अवघड शब्द कसे शिकावेत

जुनी इंग्रजी रहस्यकथा अर्ध्यावर सुटते ती बहुतेकदा शब्दांपायी. रहस्यकथेत शब्द चुकला की पुरावाच चुकतो, म्हणून इथे शब्द जागेसकट शिकावे लागतात. आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०२) या सरावाला फार चांगली. प्रकरणं १५ आणि शब्द बहुतेक डोळ्यांपुढे आणता येण्याजोगे.

फोर्टातल्या फुटपाथवरून प्रत घेत असाल तर मुखपृष्ठावर 'अब्रिज्ड' आहे का बघा. असेल तर घेऊ नका. संक्षिप्त आवृत्तीत आधी कात्री लागते ती अवघड शब्दांनाच. मूळ मजकूर 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या संकेतस्थळावर फुकट आहे, पण समासात पेन्सिल चालवायची असल्याने छापील प्रत बरी.

एक प्रकरण शब्दकोश न उघडता सलग वाचा. अडलेल्या ओळीसमोर फक्त ठिपका द्या. बोरिवली ते चर्चगेट, बसायला जागा मिळाली, तर एवढं सहज होतं. घरी आल्यावर ठिपके ३०-४० निघाले तरी १० ते १२च शब्द निवडा: जे पुन्हा पुन्हा येतात किंवा ज्यांच्यावाचून घटना कळत नाही. पहिल्या प्रकरणात होम्सच्या कवटीला 'डॉलिकोसेफॅलिक' म्हटलंय; लांबट डोक्याचा, एवढं कळलं की पुढे चला. त्याच प्रकरणातला काठीचा 'फेरूल' मात्र सोडू नका. फेरूल म्हणजे काठीच्या टोकाची शेंबी. ती लोखंडी शेंबी झिजलेली आहे, म्हणून काठीचा मालक खूप चालणारा, हे अनुमान त्या एका शब्दावर उभं आहे.

सगळ्यात जास्त फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 'सिंग्युलर' म्हणजे इथे एकवचनी नाही, विलक्षण. 'डॉगकार्ट' कुत्रा ओढत नाही. ती घोड्याची दुचाकी गाडी, आणि शिकारी कुत्र्याच्या गोष्टीत हा घोटाळा हमखास होतो. 'हॅन्सम' ही भाड्याची घोडागाडी. उच्चार देखण्या माणसाच्या 'हँडसम'सारखाच, स्पेलिंग वेगळं.

आता तिसरं प्रकरण घ्या आणि ज्यांच्या मृत्यूचं गूढ या गोष्टीत आहे ते सर चार्ल्स बास्करव्हिल मेले ती जागा वहीच्या पानावर काढा. दोन्ही बाजूंना यू झाडांचं १२ फूट उंच कुंपण, तेच 'हेज'. मधली वाट साधारण ८ फूट रुंद, तिच्या दोन्ही अंगांना सुमारे ६ फुटांची हिरवळ. ही 'यू ॲली'. मुंबईकराला ॲली म्हटलं की दोन चाळींमधला बोळ दिसतो आणि तिथेच चित्र बिघडतं. कुंपणात एका ठिकाणी 'विकेट-गेट' आहे. शब्दकोशात याला दिंडी मिळेल, पण दिंडी म्हटलं की वाड्याच्या मोठ्या दरवाजातलं छोटं दार आठवतं. इथे आहे ते जेमतेम ४ फूट उंचीचं, 'मुअर'वर उघडणारं फाटक. मुअर म्हणजे उंचावरचा, झाडं नसलेला ओसाड माळ. त्यातली माणूस गिळणारी दलदल म्हणजे 'मायर'. नावं इंग्रजीत लिहा, मोजमापं टाका. यूला मराठी नाव शोधत बसू नका, ते इथलं झाडच नाही.

बाकीच्या शब्दांची कार्डं करा. एका पोस्टकार्डाचे चार तुकडे पुरतात. पुढे पुस्तकातलंच वाक्य, शब्दाच्या जागी रेघ; मागे शब्द, देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. तारखा कोपऱ्यात टाका. दोनदा चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर आणा. नुसता सुटा शब्द आणि अर्थ लिहिलेली कार्डं आठवड्यात बोथट होतात, कारण तो शब्द कुठे भेटला होता हेच आठवत नाही.

पुस्तकातल्या शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहू नका. पुढच्या वेळी डोळा थेट मराठीवर जातो, इंग्रजी शब्द आठवायचे कष्टच पडत नाहीत.

पंधराव्या दिवशी चित्रातली नावं झाकून कुणाला तरी ती रात्र इंग्रजीत सांगा: सर चार्ल्स कुठून आले, कुठे थांबले, कुठे पडले. जिथे 'धिस थिंग' म्हणावं लागलं, त्या शब्दाचं कार्ड पुन्हा वर काढा.